व्हर्च्युअल सर्व्हर आपोआप बंद पडतो: आधी कोणी बंद केला ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका लिनक्स होस्टवर, म्हणजे खऱ्या यंत्रावर, केव्हीएम आणि लिबव्हर्ट (व्हर्च्युअल सर्व्हर चालवणारी आणि सांभाळणारी सॉफ्टवेअर) वापरून चार व्हर्च्युअल सर्व्हर चालतात. होस्टची मेमरी ३२ जीबी आहे आणि डिस्क झेडएफएस या फाइल सिस्टिमवर आहेत. त्यातला डेटाबेसचा सर्व्हर साधारण आठवड्यातून एकदा आपोआप बंद पडायचा. मेमरी कमी पडत असेल म्हणून ती ८ जीबीवरून १६ जीबी केली, ऑपरेटिंग सिस्टिमही नव्याने टाकली. आता तो आठवड्यातून तीनदा बंद पडतो. स्टार्ट केला की लगेच नीट सुरू होतो आणि आतल्या लॉगमध्ये एकही एरर नसते. बाकीचे तीन सर्व्हर, प्रत्येकी ६ जीबीचे, सगळा वेळ चालूच असतात.

तुम्ही दिलेल्या माहितीतल्या दोन गोष्टी फार मोलाच्या आहेत आणि दोन्ही तुम्ही तक्रार म्हणून लिहिल्या आहेत: लॉगमध्ये काहीच सापडत नाही आणि मेमरी वाढवल्यावर त्रास वाढला. माझा संशय कुठे आहे ते पुढे सांगतोच. पण नुसत्या संशयावर सेटिंग बदलू नका. मेमरी दुप्पट करताना आणि सिस्टिम नव्याने टाकताना तुम्ही तेच केलंत, आणि त्यात जुने लॉगही पुसले गेले.

माझी पद्धत अशी की ‘का बंद पडला’ हा प्रश्न बाजूला ठेवायचा आणि आधी ‘कोणी बंद केला’ हे विचारायचं. व्हर्च्युअल सर्व्हर म्हणजे होस्टच्या नजरेतून एक साधी प्रोसेस असते, क्यूएमूची, म्हणजे ते व्हर्च्युअल यंत्र उभं करणाऱ्या प्रोग्रॅमची. ती संपण्याचे मार्ग मोजकेच आहेत. आतल्या सिस्टिमने रीतसर शटडाउन केलं, बाहेरून कोणीतरी बंद करायचा हुकूम दिला, होस्टच्या कर्नलने (सिस्टिमच्या गाभ्याने) प्रोसेस मारली, किंवा क्यूएमू स्वतःच कोसळला. यातल्या प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या ठिकाणी पडतात. आत शोधायचं की बाहेर हे ठरल्याशिवाय शोधायला बसलात तर आठवडे जातात.

म्हणून पुढच्या वेळी सर्व्हर बंद दिसला की लगेच स्टार्ट दाबू नका. दोन मिनिटं द्या. होस्टवर व्हर्शची (लिबव्हर्टच्या कमांड-लाइन साधनाची) ‘डोमस्टेट’ कमांड ‘रीझन’ पर्यायासह चालवा आणि जे छापून येईल ते लिहून ठेवा. ‘शट ऑफ’ आहे की ‘पॉज्ड’, आणि कंसात काय कारण दिलंय? ‘बंद पडला’ असं आपण सरसकट म्हणतो, पण कित्येकदा सर्व्हर बंद नसतोच, थांबलेला असतो. होस्टवरची जागा संपली की क्यूएमू गेस्टला, म्हणजे आतल्या व्हर्च्युअल सर्व्हरला, डिस्क एरर देण्याऐवजी पॉज करून ठेवू शकतो आणि मग कारणात ‘आयओ एरर’ दिसतं. थिन प्रोव्हिजनिंग, म्हणजे कागदावर दिलेली जागा प्रत्यक्षात लागेल तशीच देण्याची पद्धत, असलं की हे सहज घडतं, कारण प्रत्येक गेस्टला आपली डिस्क अर्धी रिकामी दिसत असते आणि खालचा पूल, म्हणजे सगळ्यांची सामायिक जागा, मात्र काठोकाठ भरलेला असतो. एलव्हीएमचा (लिनक्सच्या डिस्क-व्यवस्थापनाचा) थिन पूल असेल तर डेटाची टक्केवारी पाहून थांबू नका, मेटाडेटाचीही (कोणती जागा कोणाची याच्या नोंदींचीही) पाहा. तो भरला तरी परिणाम तितकाच वाईट. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये हीच अवस्था ‘पॉज्ड-क्रिटिकल’ म्हणून दिसते.

‘पीएमसस्पेंडेड’ असं दिसलं तर गेस्ट झोपलाय. हे सर्व्हरवर कसं होईल असं वाटतं, पण कोणीतरी सोयीसाठी ग्नोम डेस्कटॉप टाकलेला असतो, कोणी लॉगिन नसताना तो वीज वाचवायला यंत्र सस्पेंड करतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला सर्व्हर मेल्यासारखा वाटतो. स्लीप आणि सस्पेंडची टार्गेट सिस्टमडीमध्ये (लिनक्सच्या सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) मास्क, म्हणजे पूर्ण बंद, केली की विषय संपतो.

तुमच्या वर्णनावरून तुमचा सर्व्हर खरोखर ‘शट ऑफ’ होतोय असं धरून पुढे जातो.

आता होस्टवर ‘व्हार’ डिरेक्टरीतल्या ‘लॉग’मध्ये, तिथल्या ‘लिबव्हर्ट’ आणि त्याखालच्या ‘क्यूएमू’ फोल्डरमध्ये प्रत्येक गेस्टच्या नावाची एक लॉग फाइल असते. या फाइलकडे बहुतेक लोक कधी फिरकतच नाहीत, आणि निम्मी प्रकरणं तर तिथल्या शेवटच्या एका ओळीवर सुटतात. प्रत्येक वेळी सर्व्हर बंद होताना तिथे ‘शटिंग डाउन’ आणि पुढे ‘रीझन’ लिहिलं जातं. रीझन ‘शटडाउन’ असेल तर गेस्टची आतली सिस्टिम रीतसर बंद झाली, म्हणजे हुकूम कोणाचाही असो, तो अमलात आणला गेस्टने. ‘डिस्ट्रॉइड’ असेल तर कोणीतरी किंवा कुठल्यातरी स्क्रिप्टने लिबव्हर्टमार्फत सरळ प्लग ओढला. ‘क्रॅश्ड’ असेल तर क्यूएमूची प्रोसेस लिबव्हर्टला काही न कळवता नाहीशी झाली. आणि त्याच्या वर ‘टर्मिनेटिंग ऑन सिग्नल १५’ अशी ओळ असेल तर तिच्यात सिग्नल पाठवणाऱ्या प्रोसेसचा क्रमांकही असतो. तो चुकवू नका.

प्रॉक्समॉक्स ही तयार व्हर्च्युअलायझेशन प्रणाली वापरणाऱ्यांसाठी एक टीप: तिथे लिबव्हर्ट नसतो, त्यामुळे ही फाइल मिळणार नाही. तिथे त्या सर्व्हरचा टास्क लॉग पाहायचा. स्टॉप किंवा शटडाउनचं टास्क असेल तर ते कोणत्या युझरने दिलं हेही दिसतं. टास्कच नसेल तर बंद होणं आतून झालं किंवा प्रोसेस मेली, मग होस्टचं जर्नल, म्हणजे सिस्टिमचा लॉग, उघडायचं.

गेस्टच्या आत काय शोधायचं? ‘एकही एरर नाही’ असं तुम्ही लिहिलंय, पण तुम्ही कोणत्या बूटचे लॉग पाहिलेत? साधं जर्नलसीटीएल चालवून शेवटाला गेलात तर दिसतात त्या आत्ता चालू असलेल्या बूटच्या ओळी. आपल्याला हवा मागचा बूट, म्हणजे ‘बी’ पर्यायाला उणे एक. आणि काही इन्स्टॉलेशनवर जर्नल फक्त मेमरीत राहतं. सर्व्हर बंद झाला की तेही गेलं. ‘व्हार-लॉग’खाली ‘जर्नल’ नावाची डिरेक्टरी बनवून जर्नलडी रीस्टार्ट करा, म्हणजे पुढच्या वेळचा पुरावा डिस्कवर राहील. हे आजच करा. बाकी काही केलं नाहीत तरी चालेल, पण एवढं करा.

मागच्या बूटचा शेवट वाचताना एरर शोधू नका, शेवट कसा झालाय ते बघा. रीतसर शटडाउन झालं असेल तर शेवटच्या ओळींत एकेक सर्व्हिस थांबल्याची, फाइल सिस्टिम अनमाउंट झाल्याची नोंद असते. तसं असेल तर थोडं वर जा, तिथे हुकूम सापडतो. ‘पॉवर की प्रेस्ड’ असं लॉगिनडी या सर्व्हिसने लिहिलेलं दिसलं की समजायचं, होस्टकडून एसीपीआयचं, म्हणजे व्हर्च्युअल, पॉवर बटण दाबलं गेलं. बटण दाबणारा माणूस असेल, बॅकअपचं काम असेल किंवा एखादी स्क्रिप्ट असेल, पण तो बाहेरचा आहे. याउलट शेवटची ओळ एखाद्या रोजच्या क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाची) किंवा वेब सर्व्हरची असेल आणि पुढे एकदम नवा बूट सुरू होत असेल, मध्ये काहीच नसेल, तर ते रिकामपणच पुरावा आहे. गेस्टला मरताना कळलंच नाही. अशा वेळी आतले लॉग कितीही चाळले तरी कारण सापडणार नाही, कारण ते आत कधी नव्हतंच. शिवाय अशा मरणात शेवटच्या काही ओळी डिस्कवर पोहोचलेल्याही नसतात, त्यामुळे शेवटची ओळ आणि खरी वेळ यांत थोडं अंतर पडू शकतं.

वेळा जुळवताना एक काळजी घ्या. गेस्ट यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आणि होस्ट स्थानिक वेळेवर असेल तर तुम्ही भलत्याच तासातले लॉग वाचत बसाल. दोन्हीकडे ‘डेट’ चालवून फरक कागदावर लिहून ठेवा.

बाहेरच्या हुकमाचं एक उदाहरण माझ्या कामातलं. एका ठिकाणी सर्व्हर दर शुक्रवारी संध्याकाळी बंद व्हायचा. टीमने दोन आठवडे गेस्टच्या आत घालवले, कर्नल बदलला, डेटाबेस ट्यून केला. मागच्या बूटमध्ये ‘पॉवर की प्रेस्ड’ ही ओळ दर वेळी होती, पण ती एरर नव्हती म्हणून कोणी तिच्यापाशी थांबलं नव्हतं. होस्टवर एक जुनी स्क्रिप्ट होती, सुट्टीत चाचणीचे सर्व्हर बंद ठेवणारी, आणि ती सर्व्हर निवडायची नावाच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून. हा सर्व्हर चाचणीसाठी म्हणूनच जन्मला होता, पुढे खऱ्या कामाला लागला, पण नाव तेच राहिलं. ज्यांनी ती स्क्रिप्ट लिहिली ते तिथून केव्हाच गेले होते. तेव्हापासून मी वेळेचा ठेका आधी पाहतो. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी बंद होणारा सर्व्हर क्वचितच हार्डवेअरमुळे बंद होतो. त्यामागे क्रॉन, बॅकअप, ऑटोमॅटिक अपडेट असं काहीतरी वेळापत्रकवालं असतं. प्रॉक्समॉक्सच्या बॅकअपमध्ये ‘स्टॉप’ नावाचा प्रकार आहे, तो सर्व्हर रीतसर बंद करून बॅकअप घेतो आणि परत चालू करतो. तो निवडलाय हे विसरलं की रात्रीचं बंद होणं गूढ वाटायला लागतं.

रीबूटचंही असंच. गेस्टने रीबूट मागितलं आणि लिबव्हर्टच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘ऑन रीबूट’ला ‘डिस्ट्रॉय’ लिहिलेलं असेल, तर रीबूटऐवजी सर्व्हर बंदच होतो. आत कोणी अपडेटनंतर आपोआप रीबूटची सोय चालू केली असेल तर झालं. कॉन्फिगरेशनच्या एक्सएमएलमध्ये ही ओळ बघायला अर्धं मिनिट लागतं.

होस्टच रीबूट झाला आणि फक्त या सर्व्हरला ऑटोस्टार्ट नाही, हीही एक शक्यता असते. होस्टचा अपटाइम पाहिलात की तीही निकालात निघेल.

विंडोज गेस्टबद्दल थोडं, कारण हाच प्रश्न घेऊन येणारे अनेक जण विंडोजवाले असतात. तिथे सिस्टिम लॉगमध्ये १०७४ हा इव्हेंट शोधायचा. त्यात कोणत्या प्रोसेसने, कोणत्या युझरच्या नावाने, कोणतं कारण देऊन शटडाउन मागितलं ते लिहिलेलं असतं. ४१ आणि ६००८ हे इव्हेंट पुढच्या बूटला लिहिले जातात आणि इतकंच सांगतात की मागचा शेवट रीतसर नव्हता. लोक ४१ ला कारण समजतात आणि त्याच्यामागे लागतात. ते कारण नाही, नुसती मृत्यूची नोंद आहे. आणि १०७४ मध्ये प्रोसेसचं नाव ‘डब्ल्यूएलएमएस’ दिसलं तर शोध तिथेच थांबवा: विंडोज सर्व्हरच्या इव्हॅल्युएशन आवृत्तीची १८० दिवसांची मुदत संपलीय आणि ती आता दर तासाला स्वतःला बंद करतेय. बरोबर तासाभराने बंद पडणारा विंडोज सर्व्हर आला की मी पहिल्यांदा हेच विचारतो.

क्लाउडवर भाड्याने घेतलेला सर्व्हर असेल तर होस्टचे लॉग हाती येत नाहीत, मग त्या सेवेचा ॲक्टिव्हिटी लॉग हाच आधार. स्वस्तातला स्पॉट प्रकार घेतलाय का हे आधी बघा. तो परत काढून घेण्याचा हक्क कंपनीकडे असतो. ॲमेझॉन त्याआधी २ मिनिटांची सूचना देतं, गूगल ३० सेकंदांची. गूगलचे जुन्या पद्धतीचे प्रीएम्प्टिबल सर्व्हर तर कुठल्याही परिस्थितीत २४ तासांपलीकडे चालत नाहीत.

आता तुमच्या सर्व्हरकडे. आकडे मांडू या. डेटाबेसला १६, बाकी तिघांना ६ प्रमाणे १८, झाले ३४. होस्टकडे आहेत ३२. यात होस्टची स्वतःची सिस्टिम धरलेली नाही, प्रत्येक क्यूएमू प्रोसेसला गेस्टच्या मेमरीवर वरखर्च म्हणून लागणारी जास्तीची मेमरी धरलेली नाही, आणि झेडएफएसचा कॅशे, म्हणजे आर्क, तोही धरलेला नाही. लिनक्सवर आर्कची डीफॉल्ट कमाल मर्यादा अनेक वर्षं होस्टच्या निम्म्या मेमरीइतकी होती, त्या हिशेबाने तुमच्याकडे १६ जीबी. म्हणजे मेमरी वाढवण्याआधीही २६ अधिक १६ अशी ४२ जीबीची मागणी ३२ मध्ये कोंबलेली होती. मेमरीचा ताण आला की आर्क आकसतो हे खरं, पण एकदम मोठी मागणी आली तर वेळेत आकसेलच असं नाही.

मग सर्व्हर पहिल्याच दिवशी का पडत नाही? इथे बहुतेकांची फसगत होते. गेस्टला १६ जीबी ‘दिले’ म्हणजे होस्टने ते लगेच बाजूला काढून ठेवले असं होत नाही. गेस्ट मेमरीच्या एखाद्या पानाला (छोट्या तुकड्याला) पहिल्यांदा हात लावतो तेव्हा ते पान होस्टच्या खऱ्या मेमरीत येतं. सुरुवातीला क्यूएमूची प्रोसेस ३-४ जीबीची दिसते आणि सगळं आलबेल वाटतं. पण गेस्टमधलं लिनक्स रिकामी मेमरी कॅशेसाठी वापरत राहतं. दिवसामागून दिवस ते नव्या पानांना हात लावतं, आणि एकदा वापरलेलं पान गेस्टने मोकळं केलं तरी बलूनसारखी (गेस्टकडून मेमरी परत घेणारी) काही सोय नसेल तर होस्टला ते परत मिळत नाही. रात्री आत डेटाबेसचा डंप निघाला, मोठमोठ्या फाइल वाचल्या गेल्या, की वाढ झपाट्याने होते. काही दिवसांनी प्रोसेस पूर्ण १६ वर पोहोचते. गेस्टच्या आत ‘फ्री’ चालवलं तर भरपूर मेमरी उपलब्ध दिसत असते आणि त्याच क्षणी होस्ट गुदमरत असतो.

होस्टची मेमरी संपली की कर्नलचा ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर एक प्रोसेस निवडून मारतो, आणि निवड करताना मुख्यतः कोणाकडे सर्वांत जास्त मेमरी आहे हे बघतो. चार सर्व्हरांत सर्वांत मोठा कोण? तुमचा डेटाबेस. त्यामुळे मेमरी भले दुसऱ्याच कोणी खाल्ली असेल, बळी दर वेळी त्याचाच जातो. ८ जीबी असतानाही तोच सर्वांत मोठा होता. १६ केल्यावर दोन्ही गोष्टी बिघडल्या: होस्टची मेमरी लवकर संपायला लागली आणि बळी कोण हे आणखी पक्कं झालं. मारतानाचा सिग्नल ९ असतो, त्यावर क्यूएमूला एक ओळही लिहायची सवड मिळत नाही. गेस्टला तर नाहीच. म्हणून आत काही सापडत नाही आणि परत स्टार्ट केल्यावर सगळं लगेच चालू होतं, कारण नवी प्रोसेस पुन्हा ३-४ जीबीपासून सुरुवात करते.

हा माझा तर्क आहे आणि तो सगळ्या लक्षणांत बसतो, तरी तपासून बघा. होस्टचं कर्नल जर्नल उघडा, सर्व्हर बंद पडला त्या वेळेला जा, ‘आउट ऑफ मेमरी’ आणि ‘किल्ड प्रोसेस’ शोधा. पुढे कंसात क्यूएमूचं नाव असेल तर तर्क सिद्ध झाला. त्याच्या वरच्या भागात कर्नलने त्या क्षणी चालू असलेल्या प्रोसेसची यादी छापलेली असते, तीही वाचा. कधीकधी तिथे एखादी होस्टवरचीच बॅकअपची प्रोसेस भलतीच फुगलेली सापडते. आर्क मात्र त्या यादीत प्रोसेस म्हणून दिसत नाही, तो कर्नलचा भाग आहे. त्याचा आकार ‘आर्क समरी’मधून वेगळा पाहायचा. मी पाहिलेल्या अशा प्रकरणांत हाच हिशेब सर्वाधिक वेळा राहून गेलेला असतो.

ओळ सापडली तर पुढचं काम सरळ आहे. आर्कची कमाल मर्यादा ठरवून द्या, तुमच्या होस्टला ४ जीबी ही सुरुवात ठीक वाटते. डेटाबेसचा सर्व्हर १६ वरून १० वर आणा आणि आतल्या डेटाबेसचा बफर पूल (त्याचा मेमरीतला कॅशे) त्या हिशेबाने कमी करा, नाहीतर आता होस्टऐवजी गेस्टच्या आतला ओओएम किलर डेटाबेस मारेल. बाकी तिघांना खरंच ६ लागतात का ते आठवडाभर मोजा. एकाला जरी ४ पुरले तरी १० अधिक १६ म्हणजे २६, त्यात आर्कचे ४ धरून ३०, आणि होस्टला २ उरतात. हे अजूनही काठावर आहे. मी असतो तर आणखी एकाचे २ कमी केले असते किंवा होस्टमध्ये मेमरी घातली असती. होस्टला थोडा स्वॅप, म्हणजे मेमरीच्या मदतीला डिस्कवरची जागा, ठेवा. तो उपाय नव्हे, पण अचानक आलेल्या मागणीला श्वास घ्यायला जागा मिळते.

ओओएम स्कोअर बदलून डेटाबेसला अभय द्या, असा सल्ला तुम्हाला नक्की कोणीतरी देईल. फक्त तेवढंच करून थांबू नका. मेमरी तेवढीच कमी राहील आणि पुढच्या वेळी शेजारचा सर्व्हर मरेल. दर ५ मिनिटांनी बंद सर्व्हर चालू करणारा क्रॉनही तसाच. तात्पुरता लावायचा असेल तर लावा, पण प्रत्येक वेळी तारीख-वेळ एका फाइलीत लिहायची सोय करा, नाहीतर दुखणं झाकलं जाईल आणि डेटाबेस मात्र आठवड्यातून तीनदा क्रॅश रिकव्हरीतून जात राहील. तसं ते आत्ताही होतंय. म्हणून हे सगळं सुरू करण्याआधी एक ताजा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर घ्या आणि तो परत उघडतोय हे पाहा.

ओळ सापडली नाही तर? लिबव्हर्टच्या लॉगमध्ये ‘क्रॅश्ड’ आहे आणि ओओएमची नोंद नाही, असं असेल तर कोअर डंपची (कोसळलेल्या प्रोसेसच्या मेमरीच्या प्रतींची) यादी पाहा, क्यूएमू स्वतः कोसळला असेल तर तिथे दिसेल. त्याच वेळी हार्डवेअरचे लॉग बघा: मेमरीच्या ईसीसी एरर, मशीन चेकच्या (प्रोसेसरने कळवलेल्या हार्डवेअर दोषांच्या) नोंदी, आणि होस्टला आयपीएमआय (यंत्राच्या हार्डवेअरवर दुरून लक्ष ठेवणारी सोय) असेल तर त्याचा इव्हेंट लॉग. खराब मेमरीने एकच मोठी प्रोसेस पुन्हा पुन्हा मरताना मी पाहिली आहे, कारण मोठी प्रोसेस खराब पानावर जाऊन बसण्याची शक्यताच जास्त.

आणि गेस्टचा कर्नल पॅनिक होतोय, म्हणजे कर्नलच कोसळतोय, अशी शंका असेल तर सिरियल कन्सोल जोडून त्याचा मजकूर होस्टवरच्या फाइलीत वळवा. पॅनिकच्या ओळी गेस्टच्या डिस्कवर सहसा पोहोचत नाहीत, पण सिरियलवर येतात. तुमच्या बाबतीत मी हा मार्ग शेवटी ठेवतोय, कारण डीफॉल्ट सेटिंगवर पॅनिक झालेलं लिनक्स गोठून बसतं आणि बाहेरून ‘रनिंग’च दिसत राहतं.

लिबव्हर्टच्या फाइलमधली शेवटची ‘रीझन’ची ओळ, होस्टच्या कर्नल जर्नलमधला सर्व्हर बंद पडला त्या वेळेच्या आसपासच्या ५ मिनिटांचा भाग आणि आर्कचा आत्ताचा आकार, एवढ्या तीन गोष्टी पाठवा. सर्व्हर पुन्हा पडायची वाट पाहायची गरज नाही. तुम्ही गेस्ट नव्याने टाकलात, होस्ट नाही. मागच्या वेळांचा पुरावा तिथे अजून असायला हवा.